होप चेस्ट

होप चेस्ट ही अविवाहित मुलीने आपल्या भावी संसारासाठी कापडचोपड, भरतकाम केलेली वस्त्रे व गृहोपयोगी वस्तू साठवून ठेवण्याची लाकडी पेटी होय. युरोपातील विवाहपेट्यांच्या जुन्या परंपरेतून ही वस्तू उत्तर अमेरिकेत आली. विसाव्या शतकात तेथे तांबड्या सीडरच्या सुगंधी लाकडापासून बनवलेल्या पेट्या इतक्या रूढ झाल्या की ‘सीडर चेस्ट’ आणि ‘होप चेस्ट’ ही नावे बहुधा एकाच अर्थाने वापरली जाऊ लागली. अशा जुन्या पेट्या आज वारशाने किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारातून पुढील पिढ्यांकडे येतात. घट्ट बसणारे झाकण हा या पेटीचा मुख्य गुण मानला जाई. मात्र त्याच झाकणाला जोडलेले आपोआप लागणारे कुलूप अनेक बालकांच्या मृत्यूस कारणीभूत ठरले आहे. त्यामुळे जुन्या सीडर पेटीचे कुलूप तपासणे हा तिच्या जतनाचा पहिला भाग मानला जातो.

नाव

इंग्रजीतील ‘होप’ म्हणजे आशा आणि ‘चेस्ट’ म्हणजे झाकणाची मोठी पेटी. विवाहाची व स्वतःच्या घराची आशा या अर्थाने हे नाव अमेरिकेत रूढ झाले. ब्रिटनमध्ये याच संकल्पनेला ‘बॉटम ड्रॉवर’ म्हणजे कपाटाचा सर्वांत खालचा खण, तर ऑस्ट्रेलियात ‘ग्लोरी बॉक्स’ असे म्हटले जाते. पेटीतील सामानासाठी ‘त्रुसो’ हा मूळ फ्रेंच शब्दही प्रचारात आहे.

पूर्वपरंपरा

प्रबोधनकालीन इटलीतील ‘कासोने’ ही विवाहपेटी या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध वस्तू आहे. फ्लॉरेन्समधील श्रीमंत घराण्यांत अशा पेट्यांवर प्राचीन कथांमधील प्रसंग रंगवले जात आणि सोनेरी मुलामा दिला जाई. लॉरेन्झो मोरेल्ली व वाज्जा नेर्ली यांच्या विवाहासाठी १४७२ मध्ये बनवलेली कासोनेंची जोडी लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात आहे.

युरोपीय वसाहतकारांबरोबर ही प्रथा उत्तर अमेरिकेत पोहोचली. कनेटिकट नदीच्या खोऱ्यात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ओक व पाइनच्या लाकडाच्या ज्या कोरीव पेट्या बनल्या, त्या ‘हॅडली चेस्ट’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांतील अनेकींवर मुलीची माहेरच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली आढळतात. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मनभाषक कुटुंबांत ट्यूलिपची फुले, पक्षी व हृदयाकृती रंगवलेल्या पेट्यांची प्रथा होती. त्यांवर पुष्कळदा मालकाचे नाव व वर्ष लिहिलेले असे. विवाहित स्त्रीच्या नावे मालमत्ता असणे ज्या काळात कायद्याने कठीण होते, त्या काळात माहेरचे नाव धारण करणारी पेटी ही स्त्रीच्या स्वतःच्या वस्तूची दुर्मीळ लिखित खूण ठरते. इतिहासकारांनी या पेट्यांकडे याही दृष्टीने पाहिले आहे.

लाकूड

या पेट्यांसाठी वापरला जाणारा ‘पूर्वेकडील तांबडा सीडर’ हा वनस्पतिशास्त्रीय दृष्ट्या खरा सीडर नाही. जुनिपेरस व्हर्जिनियाना हे त्याचे शास्त्रीय नाव असून तो जुनिपर प्रजातीतील वृक्ष आहे. तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात सर्वत्र वाढतो. खरे सीडर सीड्रस या प्रजातीत मोडतात आणि हिमालयातील देवदार हा त्यांपैकीच एक होय. त्यामुळे ‘सीडर चेस्ट’चे ‘देवदाराची पेटी’ असे भाषांतर काटेकोर ठरत नाही.

तांबड्या सीडरच्या खोडाचा गाभा जांभळट तांबडा, तर बाहेरचा भाग पांढरट असतो. लाकडात गाठी पुष्कळ असतात आणि रुंद फळ्या क्वचितच मिळतात. म्हणून पेटीसाठी अरुंद फळ्या एकमेकींना चिकटवून घेतल्या जात. लाकूड हलके व सहज कापले जाणारे असल्याने एकेकाळी पेन्सिलीसाठीही त्याचा मोठा वापर होता. सीड्रॉल व सीड्रीन ही त्याच्या तेलातील प्रमुख सुगंधी द्रव्ये आहेत.

औद्योगिक उत्पादन

विसाव्या शतकाच्या आरंभी सीडर पेटी सुताराच्या दुकानातून कारखान्यात गेली. इंडियाना राज्यातील कॅसवेल-रनियन व इलिनॉय राज्यातील एड रूस या कंपन्या या व्यवसायात होत्या. सर्वांत मोठी ठरली ती व्हर्जिनिया राज्यातील अल्टाव्हिस्टा येथील लेन कंपनी. जॉन एडवर्ड लेन यांनी १९१२ मध्ये तेथील खोक्यांचा एक बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि मुलगा एडवर्ड हडसन लेन याच्याकडे त्याचे काम सोपवले. ‘स्टँडर्ड रेड सीडर चेस्ट कंपनी’ हे आरंभीचे नाव १९२२ मध्ये बदलून ‘लेन’ करण्यात आले. पहिल्या महायुद्धात कारखान्याने दारूगोळ्यासाठी पाइनची खोकी बनवली. या कामातून आलेली साखळी पद्धत पुढे पेट्यांच्या उत्पादनात उपयोगी पडली.

कंपनीच्या वाढीत जाहिरातींचा वाटा मोठा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी गेलेल्या सैनिकांनी वाग्दत्त वधूला पेटी भेट द्यावी असे आवाहन जाहिरातींतून केले जाई. अभिनेत्री शर्ली टेंपल हिचे छायाचित्रही या जाहिरातींत झळकले. शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्या मुलींना स्थानिक फर्निचर विक्रेत्यांमार्फत सीडरची छोटी पेटी विनामूल्य दिली जाई. दागिने ठेवण्याजोग्या या पेटीमुळे कंपनीचे नाव घरोघरी पोहोचले, आणि आज या छोट्या पेट्यांचाही संग्रह केला जातो. अशा रीतीने आईने किंवा आजीने सुरू करून दिलेली घरगुती साठवण हळूहळू दुकानातून विकत घेण्याची भेट बनली.

विवाहाचे वाढते वय, स्त्रियांचे शिक्षण व नोकरी, तयार कपड्यांची उपलब्धता आणि विवाहापूर्वीच स्वतंत्र घर करण्याची पद्धत यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होप चेस्टचे मूळ प्रयोजन मागे पडले. अल्टाव्हिस्टा येथील उत्पादन २००१ मध्ये थांबले.

रचना व शैली

सामान्य होप चेस्ट ही आयताकार व वरून उघडणारी असते. ती पलंगाच्या पायथ्याशी ठेवण्याची पद्धत होती. काही पेट्यांत लहान वस्तूंसाठी झाकणाबरोबर वर उचलला जाणारा खण, तर काहींत तळाशी ओढायचा खण असतो. जुन्या पेट्या बाहेरूनही सीडरच्याच असत. पुढे आतून सीडर आणि बाहेरून अक्रोड किंवा महोगनीचे पातळ व्हिनिअर असा प्रकार रूढ झाला. १९३० व १९४० च्या दशकांतील गोलाकार कडांची ‘वॉटरफॉल’ शैली आणि युद्धोत्तर काळातील सरळ रेषांची साधी शैली या आज विशेष परिचित आहेत.

पेटीच्या आतील बाजूस पॉलिश किंवा व्हार्निश लावले जात नाही. त्याने लाकडाची छिद्रे बुजून सुवास अडतो. शिवाय बंद पेटीत साचणाऱ्या तेलाच्या वाफेने व्हार्निश मऊ व चिकट होऊन कापडाला लागते.

कसरीपासून संरक्षण

लोकर, फर, पिसे व रेशीम यांना लागणारी कसर म्हणजे काही लहान पतंगांच्या अळ्या होत. पतंग स्वतः कापड खात नाही, नुकसान अळी करते. सीडरच्या वासाने कसर पळते हा समज जुना असून विक्रीतही त्याचा मोठा आधार घेतला गेला.

अमेरिकेच्या कृषी खात्यातील ई. ए. बॅक व फ्रँक राबाक यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेत या समजाची परीक्षा केलेली आहे. तांबड्या सीडरच्या घट्ट बंद पेटीत अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या मरतात, परंतु अंडी, वाढ झालेल्या अळ्या व पतंग यांवर विशेष परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. म्हणून कपडे पेटीत ठेवण्यापूर्वी झटकावेत, ब्रशने साफ करावेत व उन्हात टाकावेत, म्हणजे मोठ्या अळ्या निघून जातील, असा या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ होतो. सीडर पेटी स्वच्छ कपड्यांचे रक्षण करते, आधीच कसर लागलेले कपडे ती वाचवू शकत नाही. काळानुसार लाकडातील तेल उडून गेले की हा मर्यादित परिणामही घटतो. अशा वेळी घट्ट झाकणच पतंगांना आत शिरू न देण्याचे मुख्य काम करते.

कुलूप व बालकांचे अपघात

लेन कंपनीने १९१२ ते १९८७ या काळात बनवलेल्या सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांच्या कुलपाबाबत परत मागवणीची सूचना देण्यात आली. ‘लेन’ व ‘व्हर्जिनिया मेड’ या दोन्ही नावांनी विकलेल्या पेट्या त्यांत येतात. या कुलपाचा खटका झाकण खाली येताच आपोआप लागतो आणि आतून उघडता येत नाही. लपंडाव खेळताना मूल आत शिरले आणि झाकण पडले, तर ते अडकते. घट्ट झाकणामुळे आतील हवा थोड्याच वेळात अपुरी पडते आणि जाड लाकडातून मुलाची हाक बाहेर ऐकू येणेही कठीण असते.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये व त्यानंतरही या धोक्याबाबत जाहीर सूचना दिल्या. कंपनीने जुन्या कुलपाऐवजी आपोआप न लागणारे कुलूप विनामूल्य देऊ केले. तथापि पेट्या अनेक दशके टिकणाऱ्या, वारशाने किंवा हातोहात विकल्या जाणाऱ्या असल्याने सूचना सर्व मालकांपर्यंत पोहोचली नाही. जानेवारी २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात एका भाऊ-बहिणीचा अशाच पेटीत गुदमरून मृत्यू झाला. ही पेटी १९३९ सालची असून कुटुंबाने ती जुनी म्हणून घेतलेली होती. या घटनेनंतर सूचना पुन्हा प्रसृत करण्यात आली.

अशाच कारणाने, टाकून दिलेल्या शीतपेट्यांत मुले अडकून मृत्यू पावत असल्यामुळे, अमेरिकेत १९५६ मध्ये शीतपेटी सुरक्षा कायदा झाला आणि फ्रिजचा दरवाजा आतून उघडता येणे बंधनकारक ठरले. लाकडी पेट्यांच्या बाबतीत मात्र धोका जुन्या वस्तूंमध्येच राहिला आहे. आपोआप लागणारे कुलूप आढळल्यास ते किंवा त्याचा खटका ताबडतोब काढून टाकावा अशी शिफारस केली जाते. किल्ली हरवलेली असणे हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे, कारण खटका किल्लीशिवायच लागतो. मूळ कुलूप ऐतिहासिक म्हणून जपायचे असल्यास ते काढून वेगळे ठेवता येते. जड झाकण हातावर किंवा डोक्यावर पडू नये म्हणून त्याचा आधार व बिजागऱ्याही तपासल्या जातात.

कालनिश्चिती

लेनच्या पेट्यांवर बहुधा तळाच्या बाहेरील बाजूस अनुक्रमांक छापलेला असतो. तो उलट क्रमाने वाचल्यास अनेकदा उत्पादनाची तारीख मिळते. उदाहरणार्थ, ४८११२० हा अंक उलटा वाचल्यास ०२११८४ होतो. अमेरिकी पद्धतीप्रमाणे आधी महिना धरल्यास ही तारीख ११ फेब्रुवारी १९८४ ठरते. काही अनुक्रमांकांत एखादा अंक अधिक असतो. इतर कंपन्यांच्या पेट्यांना ही रीत लागू पडत नाही. त्यांचा काळ झाकणाच्या आतील शिक्का, शैली, बिजागऱ्या व व्हिनिअर यांवरून अजमावला जातो. पेटीत जपलेली पावती, विक्रेत्याचे पत्रक किंवा किल्ली यांमुळे तिचा इतिहास अधिक स्पष्ट होतो.

जतन

आतील सुवास मंदावल्यास बारीक पॉलिश पेपरने लाकूड हलकेच घासतात. त्यामुळे वरचा सुकलेला थर जाऊन तेलयुक्त लाकूड उघडे पडते. घासल्यानंतर भुसा पूर्णपणे काढणे आवश्यक असते. आतून पाण्याने धुणे टाळले जाते. बाहेरील व्हिनिअर ओल व तीव्र उन्हामुळे सुटते, म्हणून पेटी खिडकी व उष्णतेची साधने यांपासून दूर ठेवतात. मूळ पॉलिश सुस्थितीत असल्यास ते खरवडून नवे चढवल्याने संग्राह्य मूल्य कमी होऊ शकते.

सीडरच्या लाकडातून निघणारी तेले व आम्लयुक्त वाफ दीर्घकाळात कापड पिवळे व ठिसूळ करू शकते. म्हणून गोधड्या, विवाहवस्त्रे किंवा रेशमी वस्त्रे लाकडाला थेट टेकवून ठेवत नाहीत. ती धुतलेल्या, न रंगवलेल्या सुती कापडात किंवा आम्लविरहित कागदात गुंडाळली जातात आणि अधूनमधून काढून घडी बदलली जाते. छायाचित्रे व कागदपत्रे अशा पेटीत ठेवणे योग्य मानले जात नाही.

भारतातील समांतर परंपरा

सौराष्ट्रात वधूच्या सामानासाठी ‘पटारा’ ही पितळी पत्रे व खिळे जडवलेली मोठी लाकडी पेटी वापरली जाई. काही पटाऱ्यांना हलवण्यासाठी चाके असत. महाराष्ट्रातील रुखवताशीही होप चेस्टचे काही अंशी साम्य आहे. वधूने व तिच्या घरच्यांनी केलेले भरतकाम, विणकाम, भांडी व फराळाचे पदार्थ रुखवतात असतात. मात्र रुखवत लग्नमंडपात सर्वांसमोर मांडले जाते, तर होप चेस्टमधील साठवण अनेक वर्षे झाकणाखाली वाढत राहते. विवाहापूर्वी स्त्रीने केलेले हातकाम तिच्याबरोबर नव्या घरी जावे, ही कल्पना दोन्हींत समान आहे.

हेही पहा

रुखवत
स्त्रीधन
देवदार
कासोने