'स्कॅन करून मेल करा ना' : एका सवयीचा इतिहास आणि माझे हरवलेले चार आणे

संशोधनाच्या पहिल्या वर्षात तुम्ही एक वाक्य शंभर वेळा तरी बोलणार आहात. 'सर, तेवढं स्कॅन करून मेल करता का?' मीही बोललो आणि त्यातून जे झालं ते आधी सांगतो. मग त्यामागचा इतिहास.

मी एकोणिसाव्या शतकातल्या एका सावकारी खतावणीवर काम करत होतो. मूळ वही दुसऱ्या गावी, एका घराण्याकडे. त्यांनी एक पान रंगीत स्कॅन करून पाठवलं, तर फाईल मोठी म्हणून मेल परत गेला. मग मीच कळवलं, 'लहान करून पाठवा, काळं-पांढरं चालेल.' तसं आलं. मी मोडीतले आकडे उतरवले, बेरीज केली, तर कारकुनाने खाली मांडलेल्या बेरजेपेक्षा माझी बेरीज चार आण्यांनी कमी भरली. दोनदा, तीनदा करून पाहिली. शेवटी टीप लिहून टाकली, 'मूळ बेरजेत चूक.' एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं, पण त्या आधारावर 'या पेढीच्या हिशेबात ढिलाई होती' असा एक परिच्छेदही रचला.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी तो वाचून एकच प्रश्न विचारला, "मूळ कागद बघितलास का रे?" नव्हता बघितला. एस्टीने गेलो, वही उघडली. मी जिथे १७। वाचलं होतं, तिथे १७॥ होतं. सव्वासतरा नव्हे, साडेसतरा. दुसऱ्या उभ्या रेघेची शाई फिकी पडली होती, पण कागदावर ती स्पष्ट होती. स्कॅनमध्ये मात्र तिचा मागमूस नव्हता. कारकुनाची बेरीज बरोबर होती. जो माणूस स्वतःची बाजू मांडायला आज हयात नाही, त्याच्यावर मी चुकीचा ठपका ठेवला होता.

ती रेघ कुठे गेली? हे समजायचं तर चित्र तारेवरून कसं जायला लागलं ते पाहावं लागतं.

चित्र दूर पाठवायची कल्पना कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. १८४३ साली अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने त्याचं पेटंट घेतलं. पुढे इटलीतले धर्मगुरू जोव्हानी कासेल्ली यांच्या यंत्रावर १८६५ मध्ये पॅरिस आणि लिऑन या शहरांत प्रत्यक्ष सेवाच सुरू झाली. धातूच्या पातळ पत्र्यावर वीज न वाहणाऱ्या शाईने लिहायचं. त्यावरून एक सुई ओळीओळीने फिरायची. शाई आली की प्रवाह तुटायचा, शाई नसली की चालू. म्हणजे चित्राचे आडवे पट्टे करायचे आणि प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारायचं : शाई आहे की नाही? १९२० च्या दशकात बार्टलेन पद्धतीने लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये समुद्राखालच्या केबलवरून वर्तमानपत्रांसाठी फोटो जाऊ लागले. त्यात सुरुवातीला करड्या रंगाच्या पाच पायऱ्या होत्या. बोटीने आठवड्याहून जास्त लागायचा, ते काम तीन तासांच्या आत व्हायला लागलं.

कॉम्प्युटरात पहिलं चित्र शिरलं १९५७ मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डेनचा फोटो फिरत्या नळकांड्यावर लावून स्कॅन केला. फोटो ५ सेंटीमीटर लांब-रुंद. त्याचे झाले १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपके. सीॲक नावाच्या त्या यंत्राची स्मरणशक्ती एवढीच होती. आणि प्रत्येक ठिपका फक्त काळा किंवा पांढरा. मधलं काही नाही. एक उंबरठा ठरवायचा : त्याहून गडद ते काळं, त्याहून फिकं ते पांढरं. कर्श यांना ही उणीव कळत होती. म्हणून त्यांनी वेगवेगळे उंबरठे लावून तोच फोटो पुन्हा स्कॅन केला आणि ते एकत्र करून करड्या छटा मिळवल्या.

माझी हरवलेली रेघ इथे सापडते. काळं-पांढरं स्कॅन म्हणजे हाच उंबरठा. फिकी शाई त्याच्या अलीकडे राहिली आणि 'कोरा कागद' ठरली. यंत्र बिघडलं नव्हतं, त्याने सांगितलं तेच केलं. सांगणारा मी होतो.

आता दुसरा भाग, मेलचा. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर मेल पाठवला. पण मेल म्हणजे मजकूर, आणि मजकूर म्हणजे इंग्रजी. १९८२ मध्ये मेल पोचवण्याचे जे नियम ठरले, ते सात बिटांच्या अक्षरांसाठी होते, म्हणजे एकूण १२८ चिन्हं. चित्राच्या फाईलला आठही बिट लागतात. ती तशीच पाठवली तर वाटेत मोडायची. गंमत बघा, या दारातून चित्र जात नव्हतं तसंच मराठीही जात नव्हतं. 'क' आणि फोटो एकाच रांगेत बाहेर उभे होते.

यावर पहिली युक्ती मेरी ॲन हॉर्टन यांची, १९८० ची. तिचं नाव यूयूएनकोड. फाईलचे तीन बाइट घ्यायचे, म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक छापता येणारं चिन्ह द्यायचं. पलीकडच्याने हे उलटं केलं की फाईल जशीच्या तशी. पण हे सगळं हाताने करावं लागायचं.

जून १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाचं मानक प्रसिद्ध केलं. मेलमध्ये कोणता तुकडा मजकूर, कोणता चित्र, कोणता आवाज, आणि तो कसा उलगडायचा, हे आता मेलच सांगायला लागला. इंग्रजीबाहेरच्या लिप्यांचीही सोय त्यातच झाली. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टीन यांनी दाखवण्यासाठी जो मेल पाठवला, त्यात त्यांच्या चौघांच्या गाणाऱ्या चमूचा फोटो आणि गाण्याचा तुकडा होता. हे कशाला हवंय, असं लोक विचारत. पुढे नातवंडांचे फोटो मेलवर पाहायचेत, असं ते सांगत.

तीन बाइटांची चार चिन्हं, हा हिशेब आजही चालू आहे. म्हणून अटॅचमेंट साधारण एक तृतीयांशाने फुगते. मर्यादा २५ एमबी असेल तर प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासचीच फाईल जाते. माझा पहिला मेल परत आला तो यामुळेच.

आता आकार बघा. एक ए-फोर पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके, म्हणजे साधारण २६ एमबी. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या दशकातल्या २८.८ केबीपीएस मोडेमवर हे एक पान मेलने पाठवायला अडीच तासांहून जास्त लागले असते. तेव्हा चित्र लहान करणं भागच होतं.

ते काम केलं जेपेगने. हे मानकही १९९२ चंच. त्याच्या मुळाशी असलेलं गणित नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये मांडलं. अहमद मूळचे बंगळूरचे. या कल्पनेसाठी त्यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत निधी मागितला होता, तो मिळाला नाही. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता! तुमचा प्रस्ताव परत आला तर हे आठवा. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करतं आणि डोळ्याला सहसा जाणवत नाहीत असे बारकावे टाकून देतं. फोटोत ते खपून जातं. मोडीतला अनुस्वार किंवा केसासारखी रेघ मात्र नेमका असा बारकावाच असते.

आणि काही वेळा यंत्र टाकून देण्याऐवजी बदलतं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, १४.१३, २१.११ आणि १७.४२. स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३! जागा वाचवायला यंत्र सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांसाठी एकच तुकडा वापरत होतं. अक्षर धूसर असलं की आपण सावध होतो. इथे आकडे सुबक होते आणि चुकीचे होते.

तर मंडळी, मेल स्वतः काही हरवत नाही. तीनाचे चार आणि चाराचे तीन, फाईल तशीच पोचते. हरवतं ते त्याआधी : उंबरठा ठरवताना, ठिपके मोजताना, आकार कमी करताना. प्रत्येक वेळी कुणीतरी 'एवढं गेलं तर चालेल' असं ठरवलेलं असतं. ते कुणी आणि कशासाठी ठरवलं, हे विचारणं म्हणजेच साधनचिकित्सा.

म्हणून मी आता एवढं करतो. स्कॅन रंगीतच मागतो, किमान ३०० डीपीआय. समास आणि मागची बाजूही मागतो. फाईल मोठी झाली तर लहान करायला सांगत नाही, एकेक पान वेगळ्या मेलने मागवतो किंवा पेन ड्राइव्ह घेऊन जातो. फाईलच्या नावात रुमाल क्रमांक, पान आणि स्कॅनची तारीख घालतो. आणि प्रबंधात लिहितो, मूळ कागद पाहिला की नुसता स्कॅन.

तो परिच्छेद मी काढून टाकला. टीप मात्र ठेवली, फक्त बदलून : 'स्कॅनमध्ये १७। असे दिसते. मूळ वहीत १७॥. बेरीज बरोबर.'