साठी, बुद्धी आणि ओवी

करमाळा तालुक्यातील केम हे गाव महाराष्ट्रात ओळखले जाते ते कुंकवासाठी. हे कुंकू जात्यावरच्या ओव्यांतही सौभाग्याची खूण म्हणून येते. मात्र त्या ओव्या आज ज्यांच्या मुखी आहेत, त्या स्त्रिया बहुतांशी वृद्ध आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिठाच्या गिरण्या गावोगावी पोहोचल्या, जाती थांबली आणि ओव्या शिकणारी पिढी सरली. म्हणूनच ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आम्हां साहित्याच्या अभ्यासकांना तपासून घ्यावी लागते.

ही म्हण बुद्धीला एकसंध मानते. मानसशास्त्राने ते गृहीतक मोडले. माणसाला एका वेळी साधारण सातच घटक ध्यानात धरता येतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले. पुढे १९७४ साली अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यस्मृतीचे प्रारूप दिले. मनातल्या मनात हिशेब करणे, लांब वाक्याचा कर्ता क्रियापद येईपर्यंत सांभाळणे, ही कार्यस्मृतीची कामे. तिचा मोठा भार कपाळामागील मेंदूवर असतो. निरोगी वार्धक्यातही हा भाग तुलनेने अधिक आकसतो, मेंदूतील जोडतंतू क्षीण होतात, डोपामिनचे कार्य मंदावते. शब्दसंपत्ती मात्र दीर्घकाळ शाबूत राहते. तरुणांचा मेंदू ज्या कामात मुख्यतः एका बाजूने चालतो, तेथे वृद्धांच्या दोन्ही बाजू कामाला लागलेल्या दिसतात, याकडे रॉबर्टो काबेझा यांनी २००२ साली लक्ष वेधले.

या प्रकाशात ओवीची घडण पाहावी. आखूड चरण, यमक आणि जात्याची लय यांमुळे एक शब्द पुढच्या शब्दाला हाक देतो. सारे काही एकदम ध्यानात धरावे लागत नाही. सकाळचा निरोप विसरणारी आजी शंभर ओव्या गाऊ शकते, यात आम्हांस विसंगती दिसत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. यापुढे संकलनास निघणाऱ्या विद्यार्थ्याने वृद्धेपुढे प्रश्नांची यादी ठेवू नये. एका वेळी एकच विषय काढावा, पहिला चरण सुचवावा आणि थांबावे. घाईने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, म्हणजे ओवी हरवली असे नव्हे.