बाळू पालवणकर
पुण्याच्या साहेब लोकांच्या क्लबात दरमहा ४ रुपयांवर चाकरीस असलेला एक चर्मकार तरुण ग्रेगसाहेबास तासन्‌तास चेंडू टाकी. त्या सरावातच बाळू पालवणकरांची डावखुरी गोलंदाजी सिद्ध झाली. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांस खेळावयास घेतले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यांस मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या पात्रांत मिळे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. तथापि हिंदू संघाचे नायकपद त्यांस कधीच दिले गेले नाही. १९२३ साली ते त्यांच्या धाकट्या बंधूंस, विठ्ठलांस, मिळाले. १९५५ साली बाळू निवर्तले. गुणांचा उपयोग करून घेणे निराळे आणि गुणवंतास मान देणे निराळे, हेच त्यांचे चरित्र सांगते.