बैत, घर आणि दहा आकडी पत्ता

२०१८ साली माझ्या एका कोल्हापूरकर मित्राने शारजातून जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, जमिनीला टेकलेली, बारा वर्षं वयाची, युरोपातल्या एका कंपनीची. (कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा काही दोष नाही आणि मित्राची अब्रूही सांभाळायची आहे.) गाडी झकास होती. फक्त डॅशबोर्डच्या मधोमध, जिथे नेव्हिगेशनचा पडदा असायला हवा, तिथे साधा रेडिओ होता. पहिल्या मालकाने पैसे वाचवले असावेत किंवा तेव्हा इथे त्याची गरज वाटली नसावी.

झालं! साहेबांच्या डोक्यात बसलं की इथे कंपनीचंच नेव्हिगेशन पाहिजे. मी म्हटलं, "अरे, मोबाईल आहे ना खिशात?" तर म्हणाला, "पैठणी नेसून वर प्लास्टिकची पिन लावायची का?" यावर काय बोलणार! माझी पीएच.डी. सेन्सर्सवरची, त्यामुळे "तुला येतंच की" म्हणून मला त्यात ओढलं गेलं. शारजाच्या औद्योगिक भागात अपघातात गेलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं ओळीने आहेत. तिथे दोन शुक्रवार हिंडून (तेव्हा इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे) त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीतून काढलेला पडदा, डिकीत बसणारा डीव्हीडीचा डबा आणि अँटेना मिळाली. डब्यात आखाती देशांच्या नकाशाची २००६ च्या सुमाराची डिस्क आयतीच होती.

मला वाटलं होतं की चार वायरी जोडल्या की काम संपलं. जुन्या गाड्यांत तसंच असे: वीज, चाकांच्या वेगाची वायर, रिव्हर्सची वायर, अँटेना, बस्स. पण १९८६ साली बॉश कंपनीने 'कॅन' नावाची पद्धत जाहीर केली आणि हळूहळू गाडीतले सगळे डबे दोन तारांवरून एकमेकांशी गप्पा मारू लागले. २००१ पासून युरोपातल्या महागड्या गाड्यांत रेडिओ, ॲम्प्लिफायर, नेव्हिगेशन ही मंडळी प्रकाशतंतूच्या एका कड्यात आली. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे आणि फिरून पहिल्याकडे, असा लाल प्रकाश त्या कड्यातून फिरत असतो. पंगतीत एकाने पान पुढे सरकवलं नाही की सगळी पंगत उपाशी, तशातला प्रकार. आम्ही डबा जोडला आणि गाडीतला सगळा आवाजच बंद पडला! तंतूचं एक टोक उलट्या खाचेत गेलं होतं.

ते सुधारलं, तर गाडी नव्या डब्याला ओळख देईना. गाडीच्या मुख्य संगणकात कोणकोणते भाग बसवलेत याची एक यादी असते. यादीत नाव नाही म्हणजे तुम्ही घरचे नाही. लॅपटॉप लावून, यादीत नाव घालून, डब्याला या गाडीचा चासी नंबर शिकवावा लागला. मग अँटेना. या गाडीच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवण्यासाठी धातूचा पातळ थर होता, आणि तोच थर उपग्रहाचे संदेशही परतवतो. शेवटी अँटेना मागे, काचेखालच्या प्लास्टिकच्या पट्टीखाली लपवली.

आणि एकदाचा पडदा उजळला. हुश्श! गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये होती, तिथे उपग्रह कुठला दिसणार? त्यामुळे डबा बिचारा आपल्या शेवटच्या आठवणीलाच धरून होता. त्याच्या मते आम्ही अजून शारजातच होतो. साठवलेल्या ठिकाणांची यादी उघडली, तर जुन्या मालकाच्या तीन नोंदी रोमन लिपीत होत्या: 'बैत', 'मकतब', 'मज्रा'. म्हणजे घर, कचेरी, शेत. 'बैत'वर बोट ठेवलं तर नकाशावर कोऱ्या पिवळ्या वाळूत एक ठिपका. ना रस्त्याचं नाव, ना घर नंबर. नकाशात घराचा रस्ताच नव्हता, म्हणून मालकाने घरासमोर गाडी उभी करून ती जागा साठवून ठेवली असणार.

तो ठिपका बघताना मला अहमद इब्न माजिद आठवला.

इब्न माजिद पंधराव्या शतकातला. जन्म जुल्फारचा, म्हणजे आजच्या रास अल खैमाचा. आमच्या तळघरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. त्याने १४९० च्या सुमारास 'किताब अल-फवाइद' हा नौकानयनाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यानेच वास्को द गामाला कालिकतला आणलं ही गोष्ट आपण ऐकलेली असते, पण अभ्यासक आता ती मानत नाहीत. त्या काळच्या अरबी नाखुद्यांकडे 'कमाल' नावाचं साधन असे. (हाच शब्द फारसीतून येऊन आपल्या कोकणात 'नाखवा' झाला.) कमाल म्हणजे लाकडाची एक फळी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी. गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा टेकतो का बघायचं. टेकला, तर तुम्ही त्या गाठीच्या अक्षांशावर आलात. मग पूर्वेला किंवा पश्चिमेला सरळ चालत राहा, बंदर येईल. ठराविक बंदरासाठी ठराविक गाठ. त्या बंदराला पत्ता असायची गरज नव्हती, एकदा तिथे जाऊन गाठ मारून ठेवली की झालं. डब्यातलं 'बैत' हीसुद्धा एक गाठच होती.

मोटारीत ही विद्या यायला पुढे पाच शतकं लागली. १९८१ साली जपानात होंडाने 'इलेक्ट्रो जायरोकेटर' विकायला काढला. त्यात उपग्रह वगैरे काही नव्हतं. हेलियम वायूचा झोत दोन तापलेल्या तारांवर सोडलेला असे. गाडी वळली की झोत किंचित सरकायचा, एक तार जास्त थंड व्हायची आणि त्यावरून वळण कळायचं. अंतर चाकांवरून मोजायचं. पडद्यावर नकाशाची पारदर्शक फिल्म हाताने सरकवायची आणि निघालो कुठून ते चालकानेच सांगायचं. सुरुवात चुकली की पुढचं सगळं चूक!

१९८५ साली कॅलिफोर्नियात 'इटॅक' आला. तो बनवणारा स्टॅन हनी हा शिडाच्या जहाजांचा नावाजलेला दिशादर्शक आणि पैसे घालणारा नोलन बुशनेल, म्हणजे 'अटारी' व्हिडिओ गेमवाला. इटॅकचे नकाशे कॅसेटवर असत आणि लॉस एंजेलिससारख्या शहराला एक कॅसेट पुरायची नाही. चाकांवरून काढलेली जागा रस्त्याच्या बाहेर पडली, तर इटॅक ती जवळच्या योग्य रस्त्यावर ओढून आणे. घरोघरच्या मोबाईलमध्ये ही युक्ती आजही आहे. 'इटॅक' हे नाव प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशियाच्या खलाशांकडून घेतलेलं. ते असं धरून चालतात की आपली होडी जागच्या जागी आहे आणि बेटंच मागे सरकताहेत. पडद्यावर गाडी मधोमध स्थिर आणि नकाशा फिरतोय, हे आपण रोज बघतो ना? ती कल्पना होडीतली!

उपग्रह मोटारीत आले १९९० साली, आणि तेही (मित्राला हे सांगितल्यावर त्याची छाती फुगली) एका दोन दारी दमदार गाडीत. माझदाची 'युनोस कॉस्मो', तीन रोटरच्या इंजिनाची, फक्त जपानात विकली गेलेली. उपग्रहांवर चालणारं नेव्हिगेशन कारखान्यातूनच बसवून आलेली ती पहिली गाडी मानतात.

पण आधीच बनलेल्या वाहनांत नेव्हिगेशन बसवण्याचा एक मोठा उद्योग झाला तो आमच्या या आखातातच. १९९१ च्या युद्धात अमेरिकी रणगाडे आणि ट्रक इराकच्या ज्या वाळवंटातून घुसले, तिथे ना झाड, ना टेकडी, ना पाटी. लष्कराकडे जीपीएसचे स्वतःचे संच पुरेसे नव्हते, म्हणून नागरी वापराचे हजारो संच घाईने घेतले गेले आणि सैनिकांनी ते वाहनांत चिकटपट्ट्यांनी बसवले. (आमचा तंतूचा घोळ त्यापुढे काहीच नाही.) एरवी अमेरिका नागरी संचांना मुद्दाम चुकीची भर घातलेले संदेश देत असे, म्हणजे जागा शंभरेक मीटरने चुकायची. आता स्वतःच्याच सैनिकांच्या हाती नागरी संच, मग ती भर तात्पुरती बंद करावी लागली. पुढे २ मे २००० रोजी ती कायमची बंद झाली आणि चूक वीसेक मीटरच्या आत आली. उजवीकडचा रस्ता की त्याला समांतर सर्व्हिस रोड, हे त्यानंतर कुठे कळू लागलं.

तरी एक अडचण उरतेच. उपग्रह तुम्हाला देतो फक्त आकडे. ते आकडे कागदावर कुठे पडतात, हे नकाशा काढणाऱ्याने पृथ्वीचा आकार काय धरला आणि मोजायला सुरुवात कुठून केली, यावर ठरतं. इथल्या तेल कंपन्यांचे जुने नकाशे इराकमधल्या नहरवान इथला बिंदू धरून काढलेले. उपग्रहाचे आकडे जसेच्या तसे त्यांवर ठेवले तर शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. जपानात तर हा फरक चारशे मीटरहून अधिक होता. त्यांनी २००२ साली कायदा बदलून जगाचं माप स्वीकारलं.

असो. तर आमची गाडी. ती घेऊन आम्ही दिमाखात बाहेर पडलो आणि पाम जुमेरावर गेलो. पडद्यावर गाडी थेट समुद्रात! डिस्क बनवणाऱ्यांच्या हिशेबात ते बेट अजून यायचं होतं. बुर्ज खलिफा नाही, २००९ साली सुरू झालेली मेट्रो नाही. परतताना डबा मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "एमिरेट्स रोड घ्या." मित्राने पाटी बघून एमिरेट्स रोड घेतला आणि आम्ही भलतीकडेच, वाळवंटाच्या दिशेने. कारण २०१३ साली जुन्या एमिरेट्स रोडला शेख मोहम्मद बिन झायेद यांचं नाव दिलं आणि 'एमिरेट्स रोड' हे नाव आणखी बाहेरच्या बायपासला गेलं. 'ई ३११' हा त्याचा नंबर मात्र तोच राहिला. नावं बदलली, आकडा टिकला.

या गावात पत्ता म्हणजे मुळात गोष्टच असायची. टपाल घरी येत नसे, पोस्टाच्या पेटीत येई. घर सांगायचं ते असं: "अमुक सुपरमार्केटच्या मागे, मशिदीसमोर, पिवळी बिल्डिंग." पुण्यात "मारुतीच्या देवळामागे" चालतं, कारण देऊळ शंभर वर्षं हलत नाही. इथे सुपरमार्केट दोन वर्षांत बंद पडतं आणि बिल्डिंग पांढरी होते. युरोपात बनलेला डबा विचारतो रस्त्याचं नाव आणि घर नंबर. त्याला काय सांगणार? २०१५ साली दुबई नगरपालिकेने यावर 'मकानी' आणलं. इमारतीच्या प्रत्येक दाराला दहा आकड्यांचा नंबर आणि दारापाशी त्याची पाटी. मकान म्हणजे अरबीत जागा, मकानी म्हणजे 'माझी जागा'. आपण त्याच शब्दाचं घर केलं.

मी ती पाटी रोज बघत होतो, पण तिची किंमत कळली २०१९ च्या फेब्रुवारीत. मित्राची आई कोल्हापूरहून आली होती. रात्री दोनला काकूंच्या छातीत दुखायला लागलं. मित्राने पहिल्यांदा उचलली ती गाडीची किल्ली. पण त्या गाडीत काकूंना दिवसाढवळ्या बसवणं हीसुद्धा कसरत, तर आता कसं बसवणार? ९९८ ला फोन लावला. तो सांगू लागला, "कुसैस... समोर सुपरमार्केट आहे, मागे मशीद..." आणि सांगता सांगता त्याच्याच लक्षात आलं, की असं वर्णन लागू पडेल अशा दहा इमारती तिथे आहेत. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "मकानी नंबर सांगा." हा अनवाणी खाली धावला, मल्याळी वॉचमनने टॉर्च धरला आणि याने दहा आकडे वाचले. मी पोचलो तोवर काकू इस्पितळात होत्या. स्टेंट घातला, महिन्याभराने सुखरूप घरी गेल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

त्या रात्री गाडीतल्या डब्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, याचा मित्राला राग नव्हता. मला मात्र राहून राहून वाटत राहिलं, की आम्ही कित्येक शुक्रवार यंत्राला गाडीची ओळख पटवण्यात घालवले, पण खरं काम केलं ते ज्या कोणी उन्हात हिंडून दारोदार पाट्या ठोकल्या त्यांनी.

२०२० मध्ये मित्राची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की इथलं घर. गाडी विकायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं त्या तळघरात बसलो होतो. यादीत 'बैत', 'मकतब', 'मज्रा' यांच्याखाली त्याने स्वतःचं 'घर' साठवलेलं होतं. ते त्याने पुसलं. "बाकीचे?" मी विचारलं. म्हणाला, "ते त्याचे आहेत. राहू देत."