सुभेदाराचा सन्मान सुभेदार म्हणूनच व्हावा

दरवर्षी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला मानद कमिशनच्या याद्या प्रसिद्ध होतात. फौजेत तीसेक वर्षे घालवलेले सुभेदार आणि सुभेदार मेजर मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन होतात. वायुदलातले मास्टर वॉरंट ऑफिसर मानद फ्लाइंग ऑफिसर होतात, तर नौदलातले मास्टर चीफ पेटी ऑफिसर मानद सब लेफ्टनंट. गावात फलक लागतात, मिरवणूक निघते, शाळेत सत्कार होतो. या आनंदामागे एक समजूत पक्की बसलेली आहे: ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरच्या, म्हणजे ‘जेसीओ’च्या, आयुष्यभराच्या सेवेचा सर्वोच्च गौरव म्हणजे शेवटी त्याला ‘मोठा अधिकारी’ करणे. ही समजूत मला मान्य नाही. तिने या माणसांचा मान थोडा वाढवला असेल, पण त्यांनी तीस वर्षे केले काय, हा प्रश्नच तिने पुसून टाकला आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. मानद कमिशनचे समर्थक म्हणतात की हा सन्मान सरसकट मिळत नाही. निष्कलंक सेवा आणि वरिष्ठांची शिफारस असेल तरच नाव यादीत येते. त्याचा लाभ निवृत्तिवेतनातही दिसतो. शिपाई म्हणून भरती झालेला शेतकऱ्याचा मुलगा कॅप्टन म्हणून घरी परततो, ही त्याच्या कुटुंबासाठी साधी गोष्ट नव्हे. शिवाय विशिष्ट सेवा पदकांची दारे सर्व हुद्द्यांना खुली आहेत आणि दीर्घ सेवेची पदकेही आहेत. मग वेगळे काय हवे? आणि खुद्द सुभेदारांनाच हे पद हवेसे वाटत असेल, तर तक्रार करणारे आपण कोण?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. वर जायला एकच जिना ठेवला, तर सगळे त्याच जिन्याने जाणार. त्यांची ती इच्छा खरी आहे, तिचा आदरच केला पाहिजे आणि मानद कमिशन काढून घ्यावे असे कुणीही म्हणू नये. पण लोक एक वाट चालतात एवढ्यावरून दुसऱ्या वाटेची गरज नाही, असे ठरत नाही.

हा जिना कुणी बांधला ते पाहू. ब्रिटिश अमदानीत हिंदी सैनिकाची मजल सुभेदार मेजरपर्यंतच होती. व्हाइसरॉयचे कमिशन असलेला तीस वर्षांचा अनुभवी सुभेदार नुकत्याच आलेल्या गोऱ्या सबाल्टर्नच्या हाताखाली असे. राजाच्या कमिशनची दारे हिंदी तरुणांसाठी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस किलकिली झाली आणि डेहराडूनची अकादमी सुरू व्हायला १९३२ साल उजाडले. अशा व्यवस्थेत जुन्या हिंदी अधिकाऱ्याला मानद लेफ्टनंट करणे म्हणजे बंद दारावर त्याच्या नावाची पाटी लावणे होते. १९४७ नंतर दार उघडले. आज गुणवान जवानाला सेवेत असतानाच परीक्षा देऊन पूर्ण कमिशन मिळवता येते. पण सन्मानाची कल्पना मात्र जुन्याच चौकटीत राहिली.

त्याच ब्रिटिश राज्यकर्त्यांनी १८३७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ सुरू केली होती. ती हिंदी अधिकाऱ्यांच्या दीर्घ आणि निष्ठावान सेवेसाठी होती. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ आणि दुसऱ्याला ‘बहादूर’ असा किताब मिळे, सोबत भत्ताही. हेतू उघड होता: परक्या सत्तेला इमान हवे होते. तो हेतू आपण टाकला हे योग्यच झाले. पण या श्रेणीची सेवा वेगळ्या जातीची असते आणि तिला तिच्याच नावाने ओळख द्यावी लागते, ही त्यातली जाणही आपण हेतूबरोबर टाकून दिली. स्वतंत्र भारतात केवळ या श्रेणीसाठी तसा सन्मान पुन्हा उभा राहिला नाही. नऊ, वीस आणि तीस वर्षांची दीर्घ सेवा पदके आहेत, पण ती वर्षे मोजतात. त्या वर्षांत काय घडले ते त्यांतून कळत नाही.

घडते ते फार मोठे असते. कमांडिंग ऑफिसर दोन-तीन वर्षांत बदलतात. सुभेदार मात्र त्याच पलटणीत मोठा झालेला असतो. कोणत्या जवानाच्या घरी जमिनीचा तंटा आहे, कुणाला रजा नाकारली तर तो मोडेल, कोण घाबरला आहे पण बोलत नाही, हे त्याला ठाऊक असते. नव्या लेफ्टनंटला प्लाटून चालवायला प्रत्यक्षात तोच शिकवतो. वायुदलात वॉरंट ऑफिसरच्या देखरेखीखाली विमानाची दुरुस्ती होते आणि वैमानिक त्या कामावर विश्वास ठेवून उडतो. ज्ञान, शिस्त आणि विश्वास एका पिढीकडून दुसरीकडे पोहोचवणे, हे या श्रेणीचे काम. म्हणूनच बावीस वर्षांचा लेफ्टनंटही सुभेदाराला ‘साब’ म्हणतो. फौजेला रोजच्या बोलण्यात जे कळते, ते औपचारिक गौरवात दिसू नये, हेच माझे दुःख आहे.

आता विशिष्ट सेवा पदकांचा मुद्दा. दार खुले आहे हे खरे. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी सुभेदार नीरज चोप्रा यांना परम विशिष्ट सेवा पदक जाहीर झाले. ऑलिंपिक सुवर्णाचा तो यथोचित गौरव होता. पण एरवी हे पदक बहुतेक लेफ्टनंट जनरल आणि त्यांच्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांच्याच छातीवर दिसते. म्हणजे सुभेदाराला सर्वोच्च सेवापदक द्यायला नियम आड येत नाही. आड येते ती आपली दृष्टी. मैदानावरचा पराक्रम तिला दिसतो, पण शेकडो जवान घडवणारा उस्ताद दिसत नाही.

शौर्याच्या बाबतीत हीच दृष्टी किती स्वच्छ आहे! ऑक्टोबर १९६२ मध्ये बुमलाच्या बाजूला आपल्या प्लाटूनसह लढलेले जोगिंदर सिंग सुभेदार होते. जून १९८७ मध्ये सियाचीनचे सुमारे साडेसहा हजार मीटर उंचीवरचे ठाणे जिंकणारे बाणा सिंग नायब सुभेदार होते. दोघांना परमवीरचक्र देताना हुद्दा वाढवण्याची गरज कुणाला वाटली नाही. एका दिवसाच्या शौर्याला हुद्दा आड येत नाही, तर तीस वर्षांच्या सेवेला का यावा?

काही जण उलट टोकाला जाऊन म्हणतात की ही मधली श्रेणीच वसाहतकाळाचे ओझे आहे, ती मोडावी. त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तिथल्या वायुदलाने १९५९ मध्ये नवे वॉरंट ऑफिसर नेमणे थांबवले. पुढे संगणक आणि सायबर क्षेत्रात मुरलेले तज्ज्ञ हवे झाले, तेव्हा २०२४ मध्ये ती श्रेणी पुन्हा सुरू करावी लागली. त्याच देशातले मायकेल नोव्होसेल हे वायुदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कर्नल होते. व्हिएतनाम युद्धात उडता यावे म्हणून त्यांनी तो हुद्दा सोडला आणि ते लष्करात वॉरंट ऑफिसर झाले. हेलिकॉप्टरने त्यांनी ५,५०० हून अधिक जखमींना बाहेर काढले आणि त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. त्यांच्या लेखी वॉरंट ऑफिसर असणे ही पदावनती नव्हती. हवे ते काम करण्याची ती जागा होती.

महाराष्ट्राला तर हे बाहेरून शिकायची गरज नाही. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. आज त्यांना सारे ‘सुभेदार रामजी’ म्हणूनच मानतात. त्या नावापुढे आणखी वरचे पद लावावे असे कुणाच्या मनातही येत नाही, कारण त्यांचे काम आपल्याला माहीत आहे. काम माहीत असले की हुद्दा उसना आणावा लागत नाही.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, सुभेदार, वॉरंट ऑफिसर आणि चीफ पेटी ऑफिसर यांच्यासाठी जीवनसेवेचे स्वतंत्र पदक असावे आणि त्याच्या मानपत्रात त्या व्यक्तीने काय उभे केले, कुणाला घडवले, ते नेमके लिहावे. दुसरी, निवृत्तीपूर्वी त्यांचे अनुभव रेजिमेंटच्या दप्तरी नोंदवावेत. ते ज्ञान छापील पुस्तिकांत सापडत नाही. तिसरी, मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे लष्करी सेवेसाठीचे जादा वेतन. सातव्या वेतन आयोगाने ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना महिना १५,५०० रुपये ठरवले आणि सुभेदार मेजर व साधा शिपाई यांना सारखेच ५,२००. वेगळ्या दराची मागणी २०१८ च्या अखेरीस फेटाळली गेली. ती पुन्हा विचारात घ्यावी. या जादा वेतनात ज्याला आपण शिपायासोबत बसवतो, त्याला निवृत्तीच्या तोंडावर कॅप्टन म्हटल्याने हिशोब जुळत नाही.

मानद कमिशन राहू द्या. पण ते सन्मानाच्या वाटेवरचे एक ठिकाण असावे, एकमेव नको. सुभेदाराने कॅप्टनचे काम केलेले नसते. त्याने सुभेदाराचे काम केलेले असते आणि त्या कामावाचून कोणताही कॅप्टन उभा राहत नाही. राष्ट्राने आभार मानायचे असतील, तर त्या कामाचे नाव घेऊनच मानावेत.