अटकेचा धाक : सुपे १८७५ ते ‘डिजिटल अरेस्ट’

१/१५
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजाराचा दिवस. भोवतालच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. लूट झाली, जाळपोळही झाली. परंतु जमावाचा मुख्य रोख एकाच वस्तूवर होता : कर्जाचे कागद.

२/१५
पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अनेक गावांत पोहोचले. जेथे सावकाराने रोखे निमूटपणे हवाली केले, तेथे बहुधा त्याच्या जिवाला धक्का लागला नाही. इतिहासात हे प्रकरण ‘दख्खनचे दंगे’ या नावाने ओळखले जाते. प्रश्न असा, की कागदाविषयी एवढा संताप का होता?

३/१५
अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला चढा भाव आला आणि कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच फेरपाहणीनंतर सरकारी शेतसारा वाढला. शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारी गेला, पण आता सावकाराचा हात आखडता झाला होता आणि अटी कठोर.

४/१५
१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील वसुलीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता; परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली, की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. दर तीन वर्षांनी कर्ज असे फुगत जाई.

५/१५
रोखा लिहिला कसा जाई, हे पाहण्यासारखे आहे. शेतकरी बहुधा निरक्षर. लिहिणारा सावकाराचा माणूस, साक्षीदारही अनेकदा त्याच्याच ओळखीचे. कागदावर नांगराची निशाणी उमटली, की व्यवहार पुरा! आत किती रक्कम लिहिली आहे, हे वाचून सांगणारे शेतकऱ्याच्या बाजूचे कोणीही तेथे नसे.

६/१५
पुढची पायरी दिवाणी न्यायालयाची. असंख्य शेतकरी तेथे हजरच होत नसत. अंतर, खर्च आणि भीती आड येई. हुकूमनामे एकतर्फी होत. त्या काळी कर्जापायी दिवाणी तुरुंगवासही होऊ शकत असे. प्रत्येकाला तुरुंगात टाकण्याची सावकाराला गरजच नव्हती. नव्या कागदावर निशाणी मिळवण्यास अटकेचा नुसता धाक पुरे होई.

७/१५
येथे एक न्याय्य नोंद हवी. प्रत्येक सावकार लबाड नव्हता, आणि त्याच्यावाचून बियाणे वा सारा भरण्यास पैसा देणारे गावात दुसरे कोणी नव्हते. दोष त्या रचनेत होता : एका बाजूला कागद आणि कायद्याचा धाक, दुसऱ्या बाजूला एकटा माणूस.

८/१५
दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा’ झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

९/१५
या कायद्याने दोन मुळांवर घाव घातला. पहिले मूळ भीतीचे. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करणे वा तुरुंगात टाकणे बंद झाले. धाक दाखवण्याचे हत्यारच काढून घेतले गेले.

१०/१५
दुसरे मूळ एकटेपणाचे. यापुढे शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याने तो साक्षांकित करावा, असे ठरले. पैसे फेडल्याची पावती, दरवर्षी हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्कही शेतकऱ्याला मिळाला. थोडक्यात, ऋणको आणि धनको यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा केला गेला.

११/१५
कायदा सर्वशक्तिमान ठरला नाही. काही सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. कागदावर विक्री, मनात गहाण. फसवणूक नवे रूप घेते आणि कायदा तिच्यामागून चालतो, हा धडा तेव्हाचा आहे. म्हणूनच तिसऱ्या माणसाचे महत्त्व कोणत्याही एका कलमापेक्षा मोठे ठरते.

१२/१५
आता दीडशे वर्षे पुढे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एखाद्या आजोबांचा फोन वाजतो. ‘तुमच्या आधार क्रमांकावरून बेकायदा व्यवहार झाले आहेत.’ मग व्हिडिओ कॉल, पडद्यावर गणवेश, राजमुद्रा असलेला बनावट आदेश. पाठोपाठ दोन आज्ञा : कॅमेरा बंद करू नका, आणि घरात कोणाला सांगू नका. शेवटी ‘पडताळणी’साठी मुदत ठेव मोडून रक्कम पाठवण्याचा हुकूम.

१३/१५
साम्य लपण्यासारखे नाही. कागद तोच, धाक तोच, एकटेपणाही तोच. फरक इतकाच, की १८७५ मधील अटक कायद्यात खरोखर होती. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद भारतीय कायद्यात कोठेही नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितले. आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखलेली पिढी या सापळ्यात सापडते, ती मूर्ख म्हणून नव्हे. तिचा प्रामाणिकपणाच तिच्याविरुद्ध वापरला जातो.

१४/१५
उपायही जुनाच आहे : तिसरा माणूस. हैदराबादसारख्या शहरांत ठेव मोडायला आलेल्या ज्येष्ठांची बँक कर्मचाऱ्याने आपुलकीने चौकशी केली आणि त्यांची पुंजी वाचली. घरात एकच नियम आधी ठरवून ठेवता येतो : कोणीही, कोणत्याही पदाचे नाव सांगून ‘गुप्त ठेवा’ म्हटले, की फोन ठेवायचा आणि घरच्या माणसाला फोन करायचा. एकटे राहणाऱ्यांसाठी शेजारी, सोसायटीचे सचिव, ज्येष्ठ नागरिक संघातील मित्र हे काम करू शकतात.

१५/१५
पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. आणि एक प्रश्न मात्र टाळावा : ‘असे कसे फसलात?’ ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो, तेथे पुढचा फोन आल्यावर आजोबा कोणालाच काही सांगत नाहीत. सुप्याच्या शेतकऱ्यापाशी कागद वाचून दाखवणारे कोणी नव्हते. आजच्या आजी-आजोबांपाशी ते असू शकते.