माळावरचा गलांडा

वर्तमानपत्रात फुलांचे बाजारभाव येतात. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, बिजली आणि त्यांच्याच रांगेत गलांडा. लाल-पिवळ्या गोंड्यासारख्या या फुलाचे हार आपण देवाला घालतो. पण पूजेच्या जुन्या पोथ्यांत गलांड्याचे नाव शोधायला जाल तर सापडायचे नाही. हे फूल मूळचे अमेरिकेतले. टेक्सास, ओक्लाहोमा या भागांतल्या प्रेअरीवर, म्हणजे विस्तीर्ण गवताळ माळांवर, ते आपोआप उगवते.

गलांडा हे ‘गॅलार्डिया’ या नावाचे आपल्या बाजारात रुळलेले रूप. त्यामागे एक फ्रेंच न्यायाधीश आहे. अठराव्या शतकातले गायार द शारांतोनो हे वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते होते. लुइझियानातून आलेल्या या फुलाचे शास्त्रीय वर्णन फूजरू द बोंदारुआ यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या १७८६ सालच्या वृत्तांतात केले आणि न्यायाधीशांचे नाव फुलाला दिले. न्यायाधीशांना आज कोण ओळखतो? नाव मात्र आपल्या आडत्यांच्या तोंडी आहे.

गलांडा सूर्यफुलाच्या कुळातला. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर अनेक इवल्या फुलांचा गुच्छ असतो. रानटी जातीत कडेला पिवळ्या टोकांच्या लाल पाकळ्या आणि मधे बारीक फुलांची चकती असते. बागवानांनी निवड करत करत ही मधली फुलेच मोठी केली. त्यातून भरगच्च गोंडा तयार झाला आणि हाराला तो सोयीचा ठरला.

मूळच्या माळांचे पुढे काय झाले? १८३७ साली जॉन डीअर यांनी पोलादी नांगर बनवला. चिवट मुळांची ती जमीन भराभर उलटली गेली. उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज चार टक्क्यांहूनही कमी उरली आहे. गवत गेले, पण गॅलार्डिया तगला. उकरलेली, निकस जमीनही त्याला चालते, त्यामुळे रस्त्याच्या कडेलाही तो फुलतो. ओक्लाहोमाने १९८६ साली त्याला राज्याचे रानफूल ठरवले.

हाच चिवटपणा आपल्या शेतकऱ्याच्या कामी आला. हलकी जमीन, कडक ऊन आणि पाण्याची ओढ गलांडा सोसतो. गादीवाफ्यावर रोपे करून ती तिन्ही हंगामांत लावता येतात. एक गोष्ट मात्र त्याला सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी. निचरा नसेल तर रोप कुजते.

झेंडूही असाच मेक्सिकोकडून आलेला. तरी त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. फूल आपले की परके, हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. ज्या जिरायती रानात त्याने कुणाचे घर चालवले, तिथे ते आपले झाले. हार विकत घेताना त्यातला गलांडा एकदा हातात घेऊन पाहा. अमेरिकेतल्या एका मोडलेल्या माळाचा वारस आपल्या देव्हाऱ्यात आला आहे.